तुटलेला पाना आणि आपला हक्क

कष्टकरी माणसाचे भांडवल बँकेत नसते, ते त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत असते. वायरमनच्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि पेचकस. प्लंबरच्या पिशवीत पाइप पाना आणि हॅकसॉ. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या पेटीत रिंग पाने, गोटी पाने, हातोडी आणि छिन्नी. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल या पिशवीवर पेटते. आयटीआय करून बाहेर पडलेला मुलगा पहिल्या कमाईतून आईला साडी घेतो आणि दुसऱ्या कमाईतून स्वतःची हत्यारे घेतो. आता मुलीही इलेक्ट्रिशियन आणि फिटर होऊ लागल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण हे हत्यार तुटले की काय होते? त्या दिवसाचे काम अडते. संध्याकाळी घरी जाताना खिशातले पैसे काढून नवे हत्यार घ्यावे लागते. मुलांच्या वह्यांचे पैसे कधी कधी त्यातच जातात. तुटलेले हत्यार किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते. ज्या खोक्यातून ते आले होते त्या खोक्यावर 'लाइफटाइम वॉरंटी' म्हणजे 'आयुष्यभराची हमी' असे छापलेले असले, तरी ते बहुधा कोणी वाचलेले नसते. वाचले असले तरी "ते काय आपल्यासाठी असते होय?" असे म्हणून सोडून दिलेले असते.

वाचकहो, या "आपल्यासाठी नसते" या एका वाक्याबद्दलच आज आम्हाला लिहायचे आहे.

हत्यार आपल्या हाती आले कधी?

गावगाड्यात माणसाप्रमाणे हत्यारालाही जात होती. रंधा आणि पटाशी सुताराची, ऐरण आणि भाता लोहाराचा, रापी चांभाराची. महाराच्या वाट्याला आली ती हातातली काठी, वेशीची राखण, निरोप पोचविणे आणि मेलेली जनावरे ओढणे. कष्ट भरपूर दिले, पण ज्याच्या जोरावर माणूस गाव सोडून शहरात ताठ मानेने उभा राहील असे कसब मात्र दिले नाही.

शहरात आल्यावरही ही अडवणूक संपली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्यातला पगार चांगला होता, पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. पिळवणूक मालक करतो तशी ती सहकारी कामगारही करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे रेल्वेच्या वर्कशॉपांत, खडकी, देहूरोड, भुसावळ, अंबाझरी येथील संरक्षण खात्याच्या कारखान्यांत आपली माणसे लागली आणि त्यांच्या हातात पाना आला. त्या पिढीने हत्यार जिवापाड जपले. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी आपली पेटी तेलाच्या फडक्याने पुसून ठेवणारे वडीलधारे आजही आपल्या वस्त्यांतून भेटतात. जपणूक आपण शिकलो. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबरोबर जो हक्क मिळतो तो मागायला मात्र आपण अजून शिकलेलो नाही.

ही पद्धत आली अमेरिकेतून

हत्याराला आयुष्यभराची हमी देण्याची पद्धत घरोघर पोचली ती अमेरिकेत. शिकागोची सीअर्स, रोबक ही टपालाने माल विकणारी आणि पुढे गावोगाव दुकाने काढणारी बलाढ्य कंपनी. १९२७ मध्ये तिने 'क्राफ्ट्समन' हे नाव आपल्या हत्यारांसाठी घेतले. एका छोट्या कंपनीकडून हे नाव तिने अवघ्या ५०० डॉलरला विकत घेतले असे सांगतात. या नावाच्या हातहत्यारांवर सीअर्सने जे वचन दिले ते अगदी साधे होते : हत्याराने समाधान झाले नाही तर ते परत आणा, नवे फुकट घेऊन जा.

या वचनाला तारखेची मर्यादा नव्हती. पावती दाखवावी लागत नसे. शेतकरी, मोटार मेकॅनिक, कारखान्यातला कामगार तुटलेला पाना घेऊन कोणत्याही सीअर्सच्या दुकानात जाई आणि काउंटरवरून नवा पाना घेऊन बाहेर पडे. बापाने घेतलेले हत्यार मुलाने बदलून नेले, अशी उदाहरणे तेथे घरोघरी होती. स्नॅप-ऑन ही १९२० साली निघालेली दुसरी कंपनी. तिचे विक्रेते हत्यारांनी भरलेली गाडी घेऊन थेट गॅरेजच्या दारात जातात आणि हमीतले मोडके हत्यार तेथल्या तेथे बदलून देतात.

कंपन्या हे धर्मादाय म्हणून करत होत्या का? मुळीच नाही. चांगल्या पोलादाचे हत्यार क्वचितच तुटते. तुटलेल्यांपैकी सगळेच लोक ते परत आणीत नाहीत. आणि जो आणतो त्याला नवे हत्यार हसतमुखाने मिळाले की तो पुढची दहा हत्यारे त्याच दुकानातून घेतो. शिवाय बदलून देण्याचा खर्च पहिल्या दिवशीच किमतीत धरलेला असतो. म्हणजे हमीची किंमत ग्राहकाने आगाऊ भरलेली असते. तुटलेला पाना घेऊन जाणारा माणूस काही मागायला जात नाही, आपले जमा असलेले घ्यायला जातो.

कोणाचे आयुष्य?

आता प्रश्न असा की 'आयुष्यभर' म्हणजे नेमके कोणाच्या आयुष्यभर? विकत घेणाऱ्याच्या, हत्याराच्या की कंपनीच्या?

अमेरिकेत या शब्दावरून इतकी फसवणूक होऊ लागली की सरकारला त्यात लक्ष घालावे लागले. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने हमी 'संपूर्ण' आहे की 'मर्यादित' आहे हे स्पष्ट लिहिण्याचे बंधन आले. पुढे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातींसाठी मार्गदर्शक नियम केले. 'लाइफटाइम' हा शब्द वापरून विकत घेणाऱ्याच्या आयुष्याखेरीज दुसऱ्या कशाचे आयुष्य अभिप्रेत असेल तर तसे सांगा, असे त्यात म्हटले आहे. मोटारीच्या सायलेन्सरला आयुष्यभराची हमी दिली आणि मनात त्या मोटारीचे आयुष्य धरले, असे चालणार नाही.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या हत्यारांच्या खोक्यांवरही हा शब्द आता दिसतो. तेथे बहुतेक वेळा शेजारी बारीक अक्षरात 'लिमिटेड' असे असते. त्याचा अर्थ असा की पोलादात किंवा घडणीत दोष निघाला तर बदलून मिळेल. नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि चुकीच्या वापराने झालेली मोडतोड यात येत नाही. काही कंपन्या मूळ खरेदीदारालाच हमी देतात, हातबदल झालेल्या मालाला देत नाहीत. म्हणून खोक्यावरचा मोठा शब्द पाहून भुलू नये आणि बारीक अक्षर पाहून घाबरूही नये. दोन्ही वाचावे. इंग्रजी समजले नाही तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. मुलालाही आपले शिक्षण कशाला उपयोगी पडते ते कळेल.

आणि कंपनीच्या आयुष्याचे काय? त्याचे उत्तर सीअर्सनेच दिले. या कंपनीचा धंदा बसू लागला तशी तिची दुकाने बंद होऊ लागली. बदली हत्याराच्या दर्जाबद्दल लोकांच्या तक्रारी वाढल्या. २०१७ मध्ये 'क्राफ्ट्समन' हे नाव स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरच्या व्यवहारात विकले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या मालकाने जुन्या हातहत्यारांची हमी पुढे चालविली ही चांगली गोष्ट. पण कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दोन मिनिटांत पाना बदलून आणण्याचे दिवस अनेक गावांत संपले. ५०० डॉलरला घेतलेल्या नावाची किंमत लोकांच्या विश्वासाने एवढी वाढली होती, आणि त्या विश्वासाच्या मुळाशी हे एक वचन होते.

त्याच वर्षी महाडला

१९२७ हे साल वाचताना आपल्या मनात दुसरीच गोष्ट उभी राहते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पान्याची आणि पाण्याची तुलना आम्ही करणार नाही. तो माणुसकीचा लढा होता, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. पण त्या लढ्यातून मिळालेला धडा व्यवहारातही लागू पडतो, म्हणून त्याची आठवण करून देतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता. तरी तीन वर्षे तळ्याचे पाणी आपल्या माणसाच्या ओठाला लागले नाही. ते लागले केव्हा? हजारो लोक पायी चालत तळ्यावर गेले तेव्हा. कागदावरचा हक्क पाय उचलल्याशिवाय हातात पडत नाही, हे महाडने आपल्याला शिकविले. ज्यांच्या आजोबांनी एवढा मोठा हक्क बजावला, त्यांच्या नातवाने दुकानाच्या पायरीवरून मुकाट्याने परत यावे हे शोभणारे नाही.

काय बदलून मिळते, काय मिळत नाही

हक्क मागायचा तर आधी आपली बाजू पक्की पाहिजे. म्हणून हत्यार का तुटते ते थोडे समजून घेऊ.

चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियमसारख्या पोलादाचा असतो. पोलाद लालबुंद तापवून साच्यात घणाखाली घडवितात आणि मग त्याला पाणी देतात. पाणी जास्त कडक चढले तर पाना काचेसारखा ठिसूळ होऊन तुटतो. कमी चढले तर त्याचे तोंड फाकते आणि नटावरून सटकते. घडवताना आत चीर राहिली तर तो पुढे कधीतरी दगा देतोच. हे सारे कारखान्याचे दोष. यासाठीच हमी असते.

पुढील गोष्टी बहुतेक हमींत बसतात : योग्य मापाच्या नटावर हाताने जोर लावला असता पाना तुटणे किंवा त्याचे तोंड फाकणे, पक्कडीचा रिव्हेट ढिला होऊन जबडे न मिळणे, गोटी उभी चिरणे, रॅचेटचे दाते घसरणे, मुलाम्याचे पापुद्रे निघणे.

पुढील गोष्टी बसत नाहीत : कानस, हॅकसॉचे पाते, ड्रिलचे बिट यांची धार जाणे. ही झिजण्यासाठीच असलेली हत्यारे आहेत. तसेच पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावणे, पान्याने ठोकणे, पेचकसाची छिन्नी करणे, हत्यार ग्राइंडरवर घासणे किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवणे. तापवलेल्या हत्याराचे पाणी उतरते आणि मग ते कोणत्याही कंपनीचे असो, त्याची खात्री कोणी देणार नाही.

हत्यार तुटले तर दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. तुटलेली जागा पुसू वा घासू नये. तुटीचा काही भाग काळपट किंवा गंजलेला आणि उरलेला भाग ताजा चकचकीत दिसत असेल तर आतली चीर जुनी होती हे उघड होते. जाणकार माणूस हे पाहून बरेच काही ओळखतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'चालते आहे तोवर चालवू' ही सवय जिवावर बेतते. छिन्नीच्या डोक्याला ठोकून ठोकून छत्रीसारखी कड आली की तिचा तुकडा उडून डोळ्यात जातो. फाकलेला पाना सटकला की हाताची बोटे सोलपटतात, शिडीवर असाल तर तोल जातो. वायरमनच्या पक्कडीवर दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्ट अशी खूण असते; तिचे आवरण चिरले की ती खूण निरर्थक होते. चिकटपट्टी गुंडाळून ती पक्कड वापरू नका. घरी वाट पाहणारी माणसे आहेत. पैसे वाचतील म्हणून तर हमीचा लाभ घ्यावाच, पण अधिक मोठे कारण हे आहे की बदलून मिळते हे ठाऊक असलेला माणूस धोक्याचे हत्यार वापरत बसत नाही.

दुकानदार नाही म्हणाला तर

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक तरुण वायरमन तुटलेली पक्कड घेऊन आमच्याकडे आला. घेऊन आठ महिनेच झाले होते. आम्ही त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, वापरलेला माल कोण बदलून देतं? वापरली म्हणून तुटली." मुलगा लगेच मागे सरला. आमच्या कानाशी म्हणाला, "जाऊ द्या काका, दुसरी घेऊ."

आम्ही त्याला थांबविले. त्याच्याजवळ बिल होते, खोके होते. खोक्यावरचा मजकूर त्यानेच मोठ्याने वाचून दाखविला. मग तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही बदलून देऊ नका. हे कंपनीला पाठवा आणि पाठवल्याचं मला लिहून द्या. नाहीतर पाठवणार नाही असं लिहून द्या." आवाज चढविला नाही, हात जोडले नाहीत. दुकानदाराने जरा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि पक्कड ठेवून घेतली. पाच आठवड्यांनी नवी पक्कड आली. आता तोच मुलगा दुसऱ्यांबरोबर दुकानात जातो.

यात काही मोठा पराक्रम नाही. तीन गोष्टी होत्या : बिल, वाचन आणि लेखी उत्तराची मागणी. आमचा अनुभव असा की 'लिहून द्या' या दोन शब्दांत भांडणापेक्षा अधिक बळ आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ मध्ये झाला. त्याला २४ डिसेंबर रोजी मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

एक : "तू धंद्यासाठी हत्यार घेतलेस, तू ग्राहकच नाहीस," असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर असली, तरी स्वतः वापरून, केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. असा माणूस ग्राहकच आहे. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब विस्ताराने स्पष्ट केली आहे. एकट्याने काम करणारा वायरमन, गवंडी, मेकॅनिक यांना हे संरक्षण आहे. पंधरा माणसे कामाला ठेवणाऱ्या कंत्राटदाराला मात्र यात अडचण येऊ शकते.

दोन : बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "बिल पाहिजे तर टॅक्सचे पैसे वेगळे," असे ऐकून बिल सोडू नका. बिलाविना घेतलेला स्वस्त पाना शेवटी महाग पडतो.

तीन : पाळण्याचा इरादाच नसलेली किंवा दिशाभूल करणारी हमी देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे. खोक्यावर छापलेला शब्द हा शोभेसाठी नाही.

चार : तक्रार करण्याची पायरी अशी. प्रथम दुकानदार, मग कंपनीला लेखी अर्ज, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. पुष्कळ तक्रारी येथेच मिटू शकतात. तरीही न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तेथे वकील लावण्याची सक्ती नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तीनशे रुपयांच्या पान्यासाठी आयोगाच्या पायऱ्या चढणे परवडत नाही, हे आम्हाला समजते. पण एकाच कंपनीने दहा जणांना नकार दिला असेल तर आयोगाच्या परवानगीने त्यांना मिळून तक्रार करता येते. संघटित होण्याचा मंत्र बाबासाहेबांनी आपल्याला उगाच दिलेला नाही.

अर्जाचा नमुना

कंपनीला अर्ज लिहायला अनेकांचा हात अडखळतो. म्हणून पुढे साधा नमुना देत आहोत. मराठीतून लिहिला तरी चालतो.

"महोदय, मी व्यवसायाने वायरमन असून स्वतःच्या उपजीविकेसाठी आपल्या कंपनीची आठ इंची पक्कड दिनांक ..... रोजी ..... या दुकानातून रुपये ..... देऊन विकत घेतली. बिल क्रमांक ..... . सदर पक्कड दिनांक ..... रोजी नेहमीच्या कामात असताना जबड्याजवळ तुटली. तिच्यावर ठोकले, तापविले किंवा घासले नव्हते. खोक्यावर आपण आयुष्यभराची हमी दिलेली आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पक्कड बदलून द्यावी. बदलून देणे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. सोबत बिलाची प्रत व तुटलेल्या हत्याराचे छायाचित्र जोडले आहे. आपला, ....."

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवावी, किंवा ईमेलने पाठवावा. मूळ बिल कोणालाही देऊ नये, प्रत द्यावी. मूळ हत्यार दिले तर दिल्याची पोच घ्यावी. लिहिलेले सारे खरे असावे.

घरातली जबाबदारी

आता थोडे कुटुंबाबद्दल. हमीचे काम दुकानात होते, पण त्याची तयारी घरात होते. घरात एक जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा पत्र्याचा डबा फक्त बिलांसाठी ठेवावा. जातीचे दाखले आणि गुणपत्रके आपण जशी जपतो तशीच ही बिले जपावीत. आजकाल दुकानात यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदाची बिले उन्हाने आणि दिवसांनी पांढरी होतात. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. खोक्यावरचा हमीचा मजकूर कापून बिलाला टाचावा. हत्याराच्या अंगावर ठोकलेले कंपनीचे नाव नीट पाहून घ्यावे. नामांकित कंपनीच्या नावाचा हुबेहूब पण बनावट माल बाजारात मिळतो. त्याची हमी कंपनी कशी देईल?

हे काम पतीचे की पत्नीचे असा वाद घालू नये. शिलाईकाम करणाऱ्या भगिनींची कात्री, घरातला प्रेशर कुकर, मिक्सर, पंखा या सर्वांना हाच नियम लागू आहे. ज्याच्या कष्टाचे पैसे गेले त्याला त्याचे मोल मिळावे, एवढेच यात पाहायचे.

आपली बाजू स्वच्छ असावी

हमीचा गैरफायदा घेणारेही असतात. अमेरिकेत काही लोक जुन्या बाजारातून मोडकी हत्यारे किलोवर घेत आणि दुकानातून नवी करून आणून विकत. वचन ढिले पडायला अशी माणसेही कारणीभूत होतात, आणि भोगतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक.

आपण पंचशील घेतलेली माणसे आहोत. न दिलेले न घेणे हे दुसरे शील. पाइप लावून मोडलेला पाना 'आपोआप तुटला' म्हणून बदलून आणणे त्या शीलात बसत नाही. तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, सम्यक आजीविका आहे. खरे बोलून जे मिळते तेवढे हक्काचे. ते सोडायचे नाही, आणि त्यापलीकडचे मागायचे नाही. ज्याची बाजू स्वच्छ असते त्यालाच काउंटरपुढे ताठ उभे राहता येते.

एक सूचना

शेवटी समाजबांधवांना आमची एक सूचना आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या कामासाठी द्यावा. ज्याचे हत्यार वा घरातली वस्तू मोडली असेल त्याने ती बिलासह आणावी. शिकलेल्या मुला-मुलींनी हमी वाचून द्यावी, अर्ज लिहून द्यावा. ज्येष्ठ कामगारांनी हत्यार पाहून ते दोषाने तुटले की चुकीच्या वापराने, ते स्पष्ट सांगावे आणि तरुणांना हत्यार वापरण्याची रीतही शिकवावी. ज्याला एकट्याने दुकानात जायला संकोच वाटतो त्याच्याबरोबर दुसऱ्याने जावे. यासाठी वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणे लागत नाहीत.

एक पाना बदलून मिळाल्याने समाजाची गरिबी हटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पैसे पूर्ण मोजायचे आणि हक्क अर्धा घ्यायचा, ही सवय मोडली पाहिजे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आपली पेटी उघडा. मोडलेली, फाकलेली, चिरलेली हत्यारे बाजूला काढा. त्यांची बिले शोधा, खोक्यावरचे बारीक अक्षर वाचा आणि येत्या सुटीच्या दिवशी दुकानात जा. जय भीम!